पिनेचा दुसरा तुकडा

दस्तगीरमामांनी तळहात माझ्यासमोर धरला. त्यावर एक बारीक, ग्रीसनं काळी झालेली पिन होती. अर्धीच.

"बाकीची?" मी विचारलं.

"तेच बघतोय मघाधरनं," ते म्हणाले. "मशीनीत न्हाई."

पंधरा ऑगस्टची सकाळ होती. कारखान्याच्या आवारात झेंडावंदन उरकून, बुंदीची पुडी घेऊन माणसं घरी गेली होती. मशीनपाशी आम्ही दोघंच राहिलो होतो, कारण दोन दिवस मशीन कुरकुरत होतं आणि सुट्टीच्या दिवशी ते शांतपणे उघडता आलं असतं. मामा आमचे फिटर. मी सुपरवायझर. जयसिंगपूरजवळच्या त्या कारखान्यात आम्ही जेलीच्या गोळ्या बनवायचो, साखरेत घोळवलेल्या, मऊ, पोरांच्या आवडीच्या.

त्या मशीनला मोगल म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. लाकडी ट्रे मक्याच्या पिठानं काठोकाठ भरून येतो. त्या पांढऱ्या पिठावर साच्यांची पाटी दाबली की ओळीनं खळगे उठतात. मग ट्रे नळ्यांखाली थांबतो, प्रत्येक खळग्यात मापाचा गरम पाक पडतो आणि ट्रे सुकायच्या खोलीत जातो. पाक घट्ट झाला की ट्रे उलटा करायचा. पीठ चाळणीतून खाली, गोळ्या वर. पीठ वाळवून पुन्हा त्याच कामाला. पाक ढकलायला नळ्यांच्या वर दट्टे असतात, आणि दट्ट्यांना जागेवर धरून ठेवायला अशा पिना.

"ही बसवली कधी होती?"

"सोमवारी सकाळी. नवी कोरी. आतनं चीर असंल तर कुणाला दिसतीय? त्यानंतर एकच घाणा काढलाय आपण."

"संत्र्याचा."

"व्हय," मामा म्हणाले. "संत्र्याचा."

आम्ही पीठ पुन्हा चाळलं. चाळणीवर लोहचुंबक होतं, पण पिन स्टेनलेस स्टीलची, चुंबक तिला धरत नाही. म्हणून मी पिठात कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिले. मामांनी पाकाची टाकी, नळ्या, मशीनखालची फरशी पुन्हा बघितली. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असणार, एका टोकाला सुईसारखा. नळीतून आरामात खाली उतरेल आणि गोळीत बसेल, बाहेरून दिसणारही नाही. आज अशा कारखान्यांत प्रत्येक गोळी धातू हुडकणाऱ्या यंत्राखालून जाते. आमच्याकडं तेव्हा ते नव्हतं.

संत्र्याच्या घाण्यातला निम्मा माल गोदामात होता. निम्मा आदल्या संध्याकाळी माळेवाडीच्या प्राथमिक शाळेत पोचला होता.

माळेवाडी आमच्या मालकांचं गाव. भूपाल मगदूम, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो. चौथीपर्यंत ते त्याच शाळेत शिकले होते आणि त्या वर्षी पहिल्यांदाच शाळेनं त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. माणूस बोलायला कंजूष. आदल्या दिवशी ऑफिसात दार लोटून भाषणाची तयारी करताना मी त्यांना ऐकलं होतं. दोन वाक्यं म्हणायचे, थांबायचे, परत तीच दोन वाक्यं म्हणायचे.

मी ऑफिसात गेले. आण्णांचे धाकटे भाऊ, तात्या, कारखान्याचा व्यवहार बघायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्धी पिन हातात घेतली, उजेडात धरली, टेबलावर ठेवली.

"मशीनखाली गेली असंल कुठंतरी."

"बघितलं, तात्या. पीठसुद्धा परत चाळलं."

"शाळेत फोन?"

"शाळेत फोन नाही. ग्रामपंचायतीत आहे, तिथं आज कुलूप. दोनदा लावून बघितला."

तात्या उठून खिडकीपाशी गेले. "पद्मजा, एवढ्या गोळ्यांत एक तुकडा. असला तर. पोरं काय सगळं गिळत्यात का? दाताखाली आलं की थुकतील. तिथं सगळं गाव जमलंय. आण्णा स्टेजवर असतील. तू जाऊन बोभाटा केलास तर उद्या एक दुकानदार आपला माल ठेवणार न्हाई."

"आणि गिळलं तर?"

तात्या वळले नाहीत. तिथूनच म्हणाले, "जायचं न्हाई. मी सांगतोय."

तात्या वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, ते मला ऐकू येत होतं. मी टेबलावरचा तुकडा उचलला, रुमालात गुंडाळला आणि बाहेर आले. मामांनी राजदूत मोटरसायकल आधीच चालू करून ठेवली होती.

माळेवाडीचा रस्ता तेव्हा निम्मा डांबरी, निम्मा मुरमाचा. दोन्ही बाजूंना उसाचे फड. मी मामांच्या खांद्याला धरून मागं बसले होते आणि गाडीच्या आवाजावर ओरडून बोलत होते.

"मामा, सांगायचं काय तिथं?"

"काय म्हंजे?"

"पिनेचं सांगायचं की काही दुसरं? चुकून दुसऱ्याच गोळ्या आल्या, जुन्या आल्या, असं सांगितलं तर? गोळ्या परत मिळाल्याशी कारण."

मामांनी एक खड्डा चुकवला. "पोरं परत देतील व्हय तेवढ्यावर? हातातली गोळी?"

"मग आण्णांना विचारू. ते सांगतील तसं."

"आधी पोचू," मामा म्हणाले. "आण्णांचं भाषण किती वेळ टिकंल ते तुला ठावं हाय."

ते ठाऊक होतं, आणि भाषण संपलं की पोरं खाऊ खाणार हेही.

शाळेचा कर्णा लांबूनच ऐकू आला. त्यातून येणारा आवाज आण्णांचा होता. मी फाटकातून आत शिरले. पटांगणात ओळीनं पोरं बसली होती, पहिलीपासून सातवीपर्यंत, आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन केशरी गोळ्या होत्या. आदल्या वर्षी फाटकापाशी खाऊ वाटताना चेंगराचेंगरी झाली होती. म्हणून या वेळी मुख्याध्यापिका निकमबाईंनी खाऊ आधीच जागेवर वाटून टाकला होता, आणि बजावलं होतं की पाहुण्यांचं भाषण संपल्याशिवाय कुणी खायचं नाही. पोरं एक डोळा आण्णांवर आणि एक डोळा गोळीवर ठेवून बसली होती. काहींनी वरची साखर चाटून संपवली होती.

"...तर मी काही मोठा वक्ता नाही," आण्णा म्हणत होते. "या शाळेनं मला अक्षरओळख दिली. तुम्ही सगळ्यांनी भरपूर शिका, एवढंच बोलून मी माझे दोन शब्द..."

मी ओळींच्या मधून पळाले. कुणाच्या तरी पाटीवर पाय पडला. निकमबाई रागावून माझ्याकडं वळल्या, सरपंच खुर्चीतून अर्धवट उठले. मी स्टेजच्या पायऱ्या चढले आणि आण्णांच्या कानाशी गेले. वाटेत जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. तोंडातून एवढंच आलं,

"आण्णा, गोळीत पिनेचा तुकडा गेलाय. मोगलची पिन तुटलीय. पोरांना खाऊ देऊ नका."

मी रुमाल उघडून दाखवला. आण्णांनी तुकड्याकडं बघितलं. मग पटांगणाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि तो किंचाळला, तसे पुढच्या ओळीतल्या पोरांनी कान झाकले.

"पोरांनो," आण्णा म्हणाले, "माझं भाषण अजून संपलेलं नाही. म्हणजे गोळी खायची नाही. बरोबर?"

"हो," सगळं पटांगण म्हणालं.

"आता नीट ऐका. या गोळ्या माझ्या कारखान्यात झाल्या. तिथल्या मशीनची एक पिन मोडली आणि तिचा तुकडा एका गोळीत गेलाय. कुणाच्या गोळीत, ते मला माहीत नाही. तो गिळला तर पोटात टोचंल. तेव्हा हातातली गोळी हातातच ठेवा. तोंडात असंल तर चावू नका, अलगद हातावर काढा. ज्यानं खाल्ली असंल त्यानं उभं राहायचं. कुणी मारणार न्हाई, कुणी रागावणार न्हाई. चूक तुमची न्हाई. बाईंची बी न्हाई. माझी हाय."

आण्णा शुद्ध बोलायचं विसरून गेले होते. पटांगणात एवढी शांतता झाली की मागं लिंबाच्या झाडावरच्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या. मागच्या बाजूला उभे असलेले आई-बाप पुढं सरकले.

"गोळ्या परत घ्यायला लागा," आण्णा निकमबाईंना म्हणाले. "मोठ्यांपासनं नको. बारक्यांपासनं."

निकमबाई क्षणभर गोंधळल्या, पण क्षणभरच. मग त्यांनी शिक्षकांना हाका मारल्या, रिकामे खोके मागवले आणि ओळी वाटून दिल्या. पाचवी-सहावीची पोरं निमूटपणे गोळ्या टाकत गेली. पहिलीची ओळ मात्र मुठी उघडेना. एक शिक्षक मूठ सोडवायला लागले तर त्या पोरानं भोकाड पसरलं, आणि त्याचं बघून सगळ्या ओळीनं.

आण्णा स्टेजवरून उतरले. त्या ओळीसमोर उकिडवे बसले, डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि पुढं धरली.

"हितं ठेवा. उद्या मी स्वतः घेऊन येतो. दोनच्या जागी चार."

पोरांनी टोपीकडं बघितलं. इस्त्रीची, कडक, नवी टोपी. पहिल्या पोरीनं भीत भीत एक गोळी आत टाकली. मग दुसरी. मग पुढची पोरं चिकट हातांनी टोपीत गोळ्या टाकायला उठूनच आली. टोपी भरली तशी मी ती खोक्यात रिकामी केली आणि परत त्यांच्या हातात दिली. आतून ती केशरी झाली होती.

गोळी खाल्ली म्हणून काही पोरं उभी राहिली होती. मी आणि निकमबाई एकेकाला विचारत होतो, टोचलं का, घशात काही लागलं का, तोंड उघड बघू. सगळी मान हलवत होती. आणि तेवढ्यात दुसरीच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "बाई, सुवर्णाच्या तोंडातनं रक्त येतंय."

मी धावले. दोन वेण्यांची एक बारकी मुलगी ओठ घट्ट मिटून उभी होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला होता.

"सुवर्णा, तोंड उघड बाळा," निकमबाई म्हणाल्या.

ती मान हलवून नको म्हणाली. तिची आई मागून गर्दी सारत आली. आण्णा हातातली टोपी तशीच धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधीच तसं बघितलं नाही.

"गिळलंस काय?" आईनं विचारलं. "काय टोचलं?"

सुवर्णानं पाठीमागं लपवलेला हात पुढं आणला आणि मूठ उघडली. तळहातावर अर्धी चावलेली गोळी होती. गोळीत रुतून बसलेला एक पांढरा दुधाचा दात होता.

"हालत हुता कालपासनं," ती म्हणाली. "चावली की त्यातच ऱ्हायला. परत द्यायची म्हटल्यावर दात बी जाईल म्हणून दिली न्हाई."

निकमबाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. दस्तगीरमामा भिंतीकडं तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होते. मी त्या मुलीच्या हिरडीवरून बोट फिरवलं, गोळी चिमटून बघितली, आणि दात तिला धुऊन दिला.

पण तुकडा सापडला नव्हता. तो सापडेपर्यंत कुणाच्या पोटात नाही असं कोण म्हणणार?

गर्दीतून एक उंच, दांडगा माणूस पुढं आला. रावसाहेब म्हणून गावातलेच होते, त्यांची दोन पोरं शाळेत. "काय ओ मगदूम," ते म्हणाले, "आमची पोरं म्हंजे तुमची मशीन तपासायची जागा हाय काय?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"मग?"

"तुमचं बरोबर हाय. मी हितंच हाय. तुकडा सापडल्याबिगर जात न्हाई. तोवर ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या पोरांना दवाखान्यात न्यायला माझी जीप फाटकात उभी हाय."

रावसाहेबांना आणखी भांडायचं होतं, पण समोरचा माणूस भांडतच नव्हता. त्यांनी भरलेल्या खोक्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "आता एवढ्या गोळ्या फोडून बघायच्या म्हंजे इळ्या लागतील." आणि स्वतःच बायकोला हाक मारून विळी आणायला धाडलं.

शेजारपाजारच्या घरांतून विळ्या आल्या. चौथीच्या वर्गात सतरंज्या पसरून बायका ओळीनं बसल्या आणि दोडका चिरावा तशा जेलीच्या गोळ्या चिरायला लागल्या. पाती चिकट व्हायची, मग पाण्यात बुडवून परत. चिरलेले तुकडे आम्ही परातीत दाबून बघायचो. मामा, आण्णा, सरपंच, शिक्षक, सगळे परातींभोवती. संत्र्याचा वास इतका दाटला की नंतर कित्येक महिने मला संत्रं खाववलं नाही. कुणी फारसं बोलत नव्हतं. खोके रिकामे होत चालले तसं माझं लक्ष दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या पोरांकडं जायला लागलं, ज्यांनी गोळी खाल्ली होती. ती बिचारी शिवणापाणी खेळत होती.

आणि मग सुवर्णाच्या आईच्या विळीवर कर्र असा आवाज झाला.

तिनं हात थांबवला. "बघा ओ," ती हळूच म्हणाली, जणू जोरानं बोललं तर ते नाहीसं होईल.

गोळीच्या मधोमध, केशरी काचेत अडकल्यासारखा, तो चमकत होता. मामांनी तो नखानं काढला, पाण्यात धुतला, रुमालातला अर्धा भाग शेजारी ठेवला आणि दोन्ही टोकं एकमेकांना लावली. मोड मोडीला बसली. त्यांनी तळहात आण्णांसमोर धरला, मग रावसाहेबांसमोर, मग वर्गातल्या प्रत्येकासमोर नेऊन दाखवला.

रावसाहेबांनी वाकून बघितलं आणि मोठा श्वास सोडला. "च्या ठेवा गं कुणीतरी," ते बायकांना म्हणाले. वर्गात एकदम सगळे बोलायला लागले. कोण कुणाशी बोलतंय कळत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की निकमबाई चिकट हातांनी माझे दोन्ही हात धरून हसत होत्या, आणि आम्हाला हात सोडवता येत नव्हते.

पुढचं सांगायचं तर, तात्या म्हणाले होते तसं थोडं झालं. काही दुकानदारांनी माल परत पाठवला, दिवाळीचा हंगाम कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी धातू हुडकणारं यंत्र आलं आणि ते बसवलं त्या दिवसापासून तात्या रोज सकाळी स्वतः त्याखालून एक खिळा सरकवून बघायचे, ते वाजतंय की नाही म्हणून. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही. कारखाना चालला. मी त्यात पुढं बरीच वर्षं काढली.

पण माझ्या मनात जे राहिलंय ते त्या दुपारी परततानाचं. मी आण्णांच्या जीपमध्ये होते, मामा मागून राजदूतवर येत होते. फाट्यावरच्या हॉटेलपाशी आण्णांनी जीप थांबवली आणि तिघांसाठी चहा आणि कांदाभजी सांगितली. मामा हात धुवायला मागं गेले. चहा आला. आण्णांनी तो बशीत ओतला आणि म्हणाले,

"तात्यानं जाऊ नको म्हणून सांगितलं असंल."

मी चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"सांगितलंच असंल. त्याचा जीव बारीक हाय, पण त्याचं चुकीचं न्हाई. कारखाना आम्ही दोघांनी मिळून काढलाय." त्यांनी भजं मोडलं, तोंडात घातलं नाही. "तू वर आलीस तवा मला वाटलं, तू विचारणार. काय सांगायचं, आण्णा, म्हणून."

"विचारणारच होते," मी म्हणाले. "वाटेत तसंच ठरवलं होतं. विसरले."

आण्णा हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"बरं झालं विसरलीस," ते म्हणाले. "विचारलं असतंस, तर मी विचार करत बसलो असतो."

मामा हात झटकत परत आले आणि बाकावर बसले. आण्णांनी भज्यांची ताटली त्यांच्याकडं सरकवली आणि पोऱ्याला सांगितलं, अजून एक ताटली आण, भूक लागलीय.